हा जोड किती वेळा उघडणार? खांबावरच्या ड्रॉप केबलसाठी क्लोजर आणि टोक निवडताना

क्लोजर, म्हणजे फायबरचे जोड बंद करून ठेवायचा डबा, घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, "किती कोअरचा?" बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस असा फायबरच्या संख्येचा काहीतरी आकडा सांगून आपण मोकळे होतो. घरोघरी फायबर द्यायचं असेल तर त्याच्या आधीचा प्रश्न वेगळा आहे: हा जोड वर्षातून किती वेळा उघडावा लागेल? मुख्य केबलचा जोड एकदा बंद झाला की केबल तुटेपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. ज्या जोडातून आठ घरांना ड्रॉप (खांबावरून घरात जाणाऱ्या केबल) निघतात, तो मात्र सारखा उघडतो. नवं कनेक्शन, भाडेकरू बदलला, बिल थकलं म्हणून पोर्ट काढला, तक्रार आली म्हणून पॉवर मोजली. या दोन कामांना एकच डबा वापरला की दोन्हीकडे नुकसान होतं. घट्ट सीलचा डोम (घुमटाच्या आकाराचा क्लोजर) वारंवार उघडला की त्याचं रबर दबतं, खाचेत माती बसते आणि पुढच्या पावसात तो आतून ओला सापडतो. उलट, दाराचा सोयीचा डबा मुख्य जोडावर लावला की एका घराची वायर शोधणाऱ्या माणसाच्या कोपराचा धक्का लागून पन्नास घरं बंद पडतात.

म्हणून सरळ विभागणी करा. मुख्य केबल आणि फीडरचे (ड्रॉपच्या डब्यापर्यंत येणाऱ्या केबलचे) जोड फ्यूजन स्प्लाइस करून (मशीनवर फायबर वितळवून जोडून) सीलबंद क्लोजरमध्ये, खांबावर उंच. ड्रॉपचे जोड वेगळ्या डब्यात, एससी कपलरवर (कनेक्टर घालायच्या-काढायच्या सॉकेटवर), हाताला येतील असे. खर्च थोडा वाढतो, पण तो पहिल्याच पावसाळ्यात वाचणाऱ्या फेऱ्यांमध्ये निघतो.

आधी केबलकडे बघा

आपल्याकडे खांबावरून घरापर्यंत बहुतेक वेळा चपटी, आठच्या आकड्यासारखी ड्रॉप केबल जाते. साधारण २ गुणिले ५ मिलिमीटर. एका बाजूला १ मिलिमीटरची पोलादी आधारतार. तिच्याशी पातळ पट्टीने जोडलेल्या भागात एक-दोन फायबर आणि त्यांच्या दोन्ही अंगांना एफआरपीच्या (काचतंतू आणि प्लास्टिकच्या) किंवा पोलादाच्या अर्ध्या मिलिमीटरच्या काड्या. भार सगळा आधारतारेने घ्यायचा असतो. क्लॅम्प तिलाच धरतो. फायबरचा भाग क्लॅम्पमध्ये चिमटला की तिथे कायमचा लॉस (प्रकाशाची घट) बसला म्हणून समजा.

काड्या एफआरपीच्याच घ्या. आधारतार डब्याच्या आणि घराच्या बाहेरच कापायची असते. काड्याही धातूच्या नसतील तर घरात शिरणाऱ्या भागात धातू उरतच नाही. ड्रॉप जिथे महावितरणच्या तारांच्या जवळून जाते तिथे ही सोय नाही, गरज आहे. (त्या खांबांवर परवानगीशिवाय काही बांधायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.)

ताण किती द्यावा यावर फार वाद होतात, पण हिशेब छोटा आहे. ही केबल किलोमीटरला साधारण २० किलो भरते. दोन खांबांत ५० मीटर अंतर असेल आणि मधोमध अर्धा मीटर झोळ ठेवला तर टोकाला सुमारे १२२ न्यूटन, म्हणजे साडेबारा किलोचा ओढ येतो. तीच केबल दिसायला छान म्हणून झोळ फक्त १० सेंटिमीटर राहील इतकी ताणली तर ओढ पाचपट, ६१२ न्यूटन होतो. या जातीच्या केबलच्या कागदावर थोडा वेळ चालणारा ताण साधारण ६०० न्यूटन आणि कायमचा ३०० न्यूटन लिहिलेला असतो. वारा, वर बसलेले कावळे, पडलेली नारळाची झावळी हे सगळं त्याच्यावर. झोळ ठेवायला केबल जास्त लागते असंही काही जण म्हणतात. अर्ध्या मीटरच्या झोळाला ५० मीटरमागे दीड सेंटिमीटरसुद्धा जास्त लागत नाही. जास्तीची केबल लागते ती दोन्ही टोकांना राखीव ठेवायला: डब्यापाशी एक-दीड मीटर, घरापाशी दोन-तीन मीटर.

फायबर वळण सोसणाऱ्या जातीचा, म्हणजे जी.६५७.ए१ किंवा ए२ हवा. ए१ ला १० मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वळवता येतं, ए२ ला साडेसातपर्यंत. इथे एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. ड्रॉप ए२ असली तरी डब्यात येणारा फीडर बहुतेक वेळा साधा जी.६५२.डी असतो आणि त्याला ३० मिलिमीटर त्रिज्या लागते. ट्रेमधली (डब्यात फायबर आणि जोड ठेवायच्या तबकातली) गुंडाळी फीडरच्या मापाने करा, ड्रॉपच्या नाही.

डोम, आडवा आणि दाराचा डबा

डोम क्लोजरमध्ये सगळ्या केबल खालून एकाच बाजूने आत जातात. पाणी वरून येतं, तोंड खाली असतं, म्हणून हवाई कामाला तो मुळातच सोयीचा. आडव्या क्लोजरला दोन्ही टोकांना तोंडं असतात. केबलच्या रांगेत तो छान बसतो, पण एका बाजूचं तोंड जरा जरी वर झुकलं तरी पाणी केबलच्या अंगावरून घसरत थेट सीलवर येऊन थांबतं. आडवा लावायचाच असेल तर दोन्ही बाजूंच्या केबलला क्लोजरच्या खालपर्यंत उतरणारा वळसा द्या, म्हणजे थेंब तिथूनच गळून पडेल.

डोममध्ये पुन्हा दोन जाती. एकात पोर्टवर आकुंचन पावणारी स्लीव्ह गरम करून बसवतात. दुसऱ्यात रबर आणि आवळायचे नट. पहिल्याची सील उत्तम, पण तो पोर्ट पुन्हा उघडायचा तर स्लीव्ह कापावी लागते आणि नवी लागते. वर शिडीवर ब्लोअर किंवा टॉर्च चालवणं, तेही शेजारी सुरू असलेल्या ड्रॉप असताना, हे काम कोणाच्याही आवडीचं नाही. न उघडणाऱ्या जोडाला स्लीव्हवाला, वर्षा-दोन वर्षांनी एखादी शाखा निघेल अशा जोडाला नटवाला.

मुख्य केबल पूर्ण न कापता मधूनच चार फायबर काढायचे असतील तर मोठा लांबट पोर्ट असलेला डोम घ्या. केबलचं बाहेरचं आवरण ट्रेच्या गरजेप्रमाणे दोन-अडीच मीटर सोलायचं, हवी ती ट्यूब (फायबरचा गट असलेली नळी) उघडायची, हवे तेवढेच फायबर कापायचे आणि बाकीच्या ट्यूब तशाच्या तशा आत गोल करून बसवायच्या. सगळी केबल कापून चोवीसच्या चोवीस फायबर पुन्हा जोडणं म्हणजे वेळ घालवून स्वतःच लॉस विकत घेणं. रंगांचा क्रम तोंडपाठ असू द्या: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. संध्याकाळच्या उजेडात करडा आणि पांढरा एकसारखे दिसतात. त्या जोडीत चुका जास्त होतात.

क्लोजरच्या दोन्ही बाजूंना दहा-पंधरा मीटर केबल राखून खांबावर गुंडाळून ठेवा. क्लोजर जमिनीवर उतरवता आला पाहिजे. फ्यूजन मशीनची ठिणगी वाऱ्यात हलते आणि शिडीवर उभ्या माणसाचा हातही. खाली गाडीत किंवा ताडपत्रीखाली केलेला जोड आणि वर टांगून केलेला जोड यांतला फरक मीटरवर दिसतो.

ड्रॉपसाठी आठ किंवा सोळा पोर्टचा दाराचा डबा, आत पीएलसी स्प्लिटर (एका फायबरचा प्रकाश अनेकांत वाटणारा), खाली एससी कपलरची रांग. तो घेताना आकड्यापेक्षा पुढच्या गोष्टी पाहा. आतला फीडरचा ट्रे आणि ग्राहकांच्या कपलरची बाजू वेगवेगळी आहे का, म्हणजे ड्रॉप लावणाऱ्याचा हात स्प्लाइसपर्यंत पोचूच नये. तारा सगळ्या खालून येतात का. दाराचं रबर एकसंध आहे की कोपऱ्यात कापून चिकटवलंय. बिजागरी आणि कडी कोणत्या धातूची आहे. कोकणात आणि गोव्यात किनाऱ्याजवळ जस्ताचा मुलामा लवकरच गंजतो. तिथे पट्टी, बकल आणि स्क्रू एसएस ३०४ चे हवेत, अगदी समुद्रासमोर असेल तर ३१६ चे.

आयपी ६८ लिहिलेला डबा आयपी ६५ पेक्षा नेहमीच बरा, हाही एक गैरसमज. ६८ म्हणजे पाण्यात बुडाला तरी चालेल. ६५ म्हणजे धूळ शिरणार नाही आणि पाण्याचा फवारा सोसेल. खांबावर डबा बुडत नाही. तोंडं खाली असलेला, सगळे पोर्ट नीट बंद असलेला आयपी ६५ डबा, एक पोर्ट उघडा राहिलेल्या ६८ पेक्षा कोरडा राहतो. मॅनहोलमध्ये मात्र ६८ शिवाय चालत नाही.

पाणी नेमकं कुठून शिरतं

दारातून क्वचित. पोर्टमधून बहुतेक वेळा, आणि कारण साधं आहे: पोर्ट गोल, केबल चपटी. गोल रबरात २ गुणिले ५ ची केबल घातली की दोन्ही कडांना फट राहते, ती मग सिलिकॉनने भरली जाते, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात सिलिकॉन केबलपासून सुटतं. उपाय असा की डब्याच्या आधीच आधारतार वेगळी करून क्लॅम्पपाशी संपवायची आणि आत फक्त २ गुणिले ३ चा भाग न्यायचा. त्याच्यासाठी चपट्या चिरेचं रबर मिळतं. एका चिरेत एकच केबल. दोन घातल्या की मधे पन्हळ तयार होते.

दुसरी वाट दाबाची. मे महिन्यात काळा डबा दुपारी तापतो, आतली हवा फुगून बाहेर पडते. जूनमध्ये तापलेल्या डब्यावर अचानक सर आली की तो थंड होतो आणि आतला दाब कमी होऊन सीलवर साचलेलं पाणी आत ओढलं जातं. म्हणून सीलजवळ पाणी साचूच नये हे जास्त महत्त्वाचं. डबा खांबाच्या पूर्वेकडच्या बाजूला लावा. आपला पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो आणि दारावर सरी थेट आदळत नाहीत.

रिकाम्या पोर्टला बुच लावा. बुच हरवलं तर दुसरं मागवा, चिकटपट्टी नको. उघड्या पोर्टमधून आधी मुंग्या येतात, मग त्यांच्या मागावर पाली. मुंग्यांची माती कपलरच्या झाकणात गेली की तो पोर्ट धुऊनही नीट होत नाही, बदलावाच लागतो.

टोक कसं करायचं

चार पर्याय आहेत आणि चारही चालतात, फक्त जागा चुकता कामा नये.

फ्यूजन स्प्लाइस करून पिगटेल (एका टोकाला तयार कनेक्टर असलेला फायबर) जोडणं हे सगळ्यांत टिकाऊ. चांगल्या जोडाचा लॉस ०.०५ डीबीच्या (लॉस मोजायचं एकक) आसपास, ०.१ च्या वर गेला तर पुन्हा करा. मशीनच्या पडद्यावरचा आकडा हा चित्रावरून काढलेला अंदाज असतो, मोजमाप नव्हे. जी.६५२ ला जी.६५७ जोडला की ओटीडीआरवर (फायबरमध्ये प्रकाश सोडून कुठे किती लॉस आहे ते दाखवणाऱ्या मशीनवर) एका बाजूने जास्त लॉस आणि दुसऱ्या बाजूने चक्क उलटा, म्हणजे वाढ दिसू शकते. दोन्हींची सरासरी खरी. जोडावरची संरक्षक स्लीव्ह आधी घालायची विसरून फायबर जोडून बसणं हा धंद्यातला सर्वात जुना विनोद आहे, त्यावर इलाज म्हणून सोलण्याआधीच स्लीव्ह ओवायची सवय लावा. चपट्या ड्रॉपला मशीनमध्ये वेगळा होल्डर लागतो. तो नसताना २५० मायक्रॉनच्या होल्डरमध्ये केबल दाबून बसवली की फायबर तिरका येतो आणि मशीन कोनाची चूक दाखवत राहतं. दोष क्लीव्हरला (फायबर सरळ कापणाऱ्या हत्याराला) दिला जातो. अर्थात क्लीव्हरही तपासा: पात्याला फिरवायच्या सोळा जागा असतात आणि पहिलीच जागा वर्षभर वापरणारे लोक आहेत.

दुसरा पर्याय कनेक्टरलाच फ्यूजन करणं. कनेक्टरच्या आत कारखान्यात घासलेला छोटा फायबर असतो, ड्रॉप त्याला मशीनवर जोडायची, जोड बुटाच्या (कनेक्टरच्या मागच्या टोपीच्या) आत लपतो. वेगळा ट्रे लागत नाही. डब्यातल्या ड्रॉपच्या टोकाला हा सगळ्यांत योग्य, मशीन हाताशी असेल तर.

तिसरा फास्ट कनेक्टर (मशीनशिवाय हाताने बसवायचा), ज्याच्यावर आपल्याकडे निम्मं जग चाललंय. त्याच्या दोन जाती आहेत आणि पाकिटावरून फरक कळत नाही. एकात फेरूलमध्ये (कनेक्टरच्या तोंडाच्या बारीक नळीत) आधीच घासलेला फायबरचा तुकडा असतो आणि मागे आपला कापलेला फायबर जेलमध्ये त्याला भिडतो. दुसऱ्यात तुकडा नसतोच. आपण कापलेला फायबर सरळ फेरूलच्या तोंडापर्यंत येतो. ही दुसरी जात हिरव्या, म्हणजे एपीसी (तिरक्या तोंडाच्या) रंगात घेण्यात अर्थ नाही. फेरूल आठ अंशांत तिरका असतो, आपला फायबर मात्र सरळ कापलेला, त्यामुळे तोंडं नीट मिळत नाहीत. घ्यायचा तर तुकडा असलेलाच घ्या.

बसवताना केबलचं आवरण साधारण ५० मिलिमीटर सोला, फायबरवरचं कोटिंग काढा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि सोबत आलेल्या गेजच्या मापानेच कापा. एका कंपनीचं गेज दुसऱ्याच्या कनेक्टरला वापरायचं नाही. मापात दोन मिलिमीटरचा फरक पडला तरी फायबर आतल्या तुकड्याला भिडत नाही. आत सरकवताना फायबर मागे किंचित वाकलेला दिसला पाहिजे, तेव्हाच लॉक करा. मग बूट आवरणावर घट्ट. आवरण नीट धरलं गेलं नाही तर तापमानाच्या चढउतारात केबल मागे सरकते, फायबर तुकड्यापासून सुटतो आणि लॉस वाढत जातो. म्हणून फास्ट कनेक्टर घराच्या आत, रोझेटमध्ये (भिंतीवरच्या छोट्या डबीत). उन्हात तापणाऱ्या खांबावरच्या डब्यात तो शक्यतो नको. कागदावर लॉस ०.३ डीबी असतो, हिशेबात ०.५ धरा.

चौथा पर्याय कारखान्यातून तयार, पाणीरोधक टोकाची ड्रॉप. कॉर्निंगचा ऑप्टिटॅप हा त्यातला ओळखीचा. डबा न उघडता बाहेरूनच पोर्टमध्ये घालून फिरवायचा. काम काही मिनिटांचं, मशीन नको. पण लांबी ठरावीक मिळते, उरलेली गुंडाळी खांबावर लटकते, आणि टोक खराब झालं तर अख्खी केबल बदलायची. जिथे स्प्लायसिंगची मजुरी महाग तिथे हे परवडतं. आपल्याकडे गावागावांत मशीन असलेला माणूस मिळतो, म्हणून अजून तरी एससीचा डबाच स्वस्त पडतो.

रंगाबद्दल एकदाच: हिरवा हिरव्यात, निळा निळ्यात. तिरकं तोंड सरळ तोंडाला लावलं की मधे हवेची फट राहते, काही डीबी लॉस जातो आणि प्रकाश उलटा फिरतो. ज्यांच्याकडे त्याच फायबरवर १५५० नॅनोमीटरवर टीव्हीचा सिग्नलही जातो त्यांच्या चित्रावर तो परतणारा प्रकाश लगेच दिसतो. सगळीकडे एपीसीच ठेवा, आणि ओएनटीचं (ग्राहकाच्या घरातल्या यंत्राचं) तोंड मात्र ज्या जातीचं असेल त्या जातीची पॅच कॉर्ड घ्या.

तुटलेली ड्रॉप मधेच हवेत जोडायचा मोह होतो, विशेषतः जानेवारीत मांजाने आवरण कापलेलं असतं तेव्हा. छोटी प्लास्टिकची डबी लावून जोड झोक्यासारखा लटकत राहतो आणि सगळा ओढ त्या डबीवर येतो. ६० मीटरपर्यंतची ड्रॉप असेल तर पूर्ण बदला. लांब असेल तर जोड खांबावर सरकवा आणि दोन्ही बाजूंच्या आधारतारा वेगवेगळ्या क्लॅम्पवर संपवा.

पॉवरचा हिशेब

ओएलटीतून (आपल्या केंद्रातल्या यंत्रातून) +३ डीबीएम (प्रकाशाच्या पॉवरचं एकक) निघतात असं धरा. पाच किलोमीटर फायबर, किलोमीटरला ०.३५ डीबीने १.७५. दोन टप्प्यांत १:८ चे स्प्लिटर, प्रत्येकी साडेदहा, एकूण २१. सहा स्प्लाइसचे ०.६. चार कनेक्टरचे १.२. बेरीज २४.५५, म्हणजे घरात सुमारे −२१.५ डीबीएम. जीपॉनच्या (स्प्लिटरवर चालणाऱ्या अशा जाळ्याच्या) बी+ वर्गात ओएनटी −२७ पर्यंत ऐकतं, म्हणजे हातात साडेपाच डीबी. हिरव्या-निळ्याची एक चूक आणि एक ढिला फास्ट कनेक्टर एवढ्यानेच ते संपतात. नवं कनेक्शन देताना −२४ च्या खाली दिसलं तर "चालतंय ना" म्हणून खाली उतरू नका. फार जवळच्या घरात उलटं होतं: −८ पेक्षा जास्त पॉवर ओएनटीला झेपत नाही.

तक्रारीच्या वेळेवरून दोष

आकडा किती आहे यापेक्षा तो कधी बदलतो हे जास्त सांगतं. दुपारी पडतो आणि रात्री सुधारतो: उन्हातला फास्ट कनेक्टर किंवा मेकॅनिकल (न वितळवता फक्त भिडवलेला) जोड. वारा सुटला की हलतो: क्लॅम्पपाशी किंवा भिंतीच्या कोपऱ्यावर तीक्ष्ण वळण. पावसात पडतो आणि ऊन पडल्यावर दोन दिवसांनी पूर्ववत होतो: डब्यात पाणी, कपलर ओला. महिनोन्‌महिने हळूहळू घसरतो: धूळ किंवा मुंग्या. आठही घरं एकदम गेली तर ड्रॉपकडे बघूच नका, स्प्लिटरच्या आधीचा फायबर तपासा.

वळण की जोड, हे ओळखायला १३१० आणि १५५० नॅनोमीटर अशा दोन्ही तरंगलांबींवर मोजा. वळणाचा लॉस १५५० वर बराच जास्त दिसतो. जोडाचा किंवा घाणीचा दोन्हीवर जवळपास सारखा. सुरू असलेल्या जाळ्यात ओटीडीआर लावायचा तर १६२५ किंवा १६५० नॅनोमीटरचा, फिल्टर असलेला. नाहीतर बाकीच्यांचं इंटरनेट तुम्हीच बंद कराल. पन्नास मीटरच्या ड्रॉपसाठी पुढे लाँच फायबर (मशीन आणि ड्रॉपच्या मधे घालायची फायबरची गुंडाळी) जोडा, नाहीतर सगळा दोष मशीनच्या अंध पट्ट्यात (जवळचं त्याला न दिसणाऱ्या भागात) जातो. बहुतेक तक्रारींना मात्र पॉन पॉवर मीटर आणि लाल लेझर पुरतात. लेझरचं टोक डोळ्यासमोर धरायचं नाही, आणि लाल दिसत नाही म्हणून फायबर रिकामा आहे असंही समजायचं नाही. १४९० चा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही.

मोजण्याआधी प्रत्येक वेळी कनेक्टर पुसा. एससीसाठी अडीच मिलिमीटरचा क्लिक क्लीनर शर्टाच्या खिशात मावतो. शर्टाला पुसायचं नाही. आणि पोर्टवरची ग्राहकाची खूण पेनने लिहू नका, ती एका उन्हाळ्यात पुसली जाते. छापलेला किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ठोकलेला नंबर केबलच्या दोन्ही टोकांना, डब्यात आणि रोझेटवर, सारखाच लावा.